करंजकोंडाचा संघ

"परत लाव," हैबती म्हणाला.

वीर स्टेशनबाहेर रिक्षांची रांग लागली होती आणि दुपारची गाडी नेहमीसारखी लेट होती. शेजारच्या रिक्षातल्या इनायतने मोठ्या कौतुकानं मोबाइलवर गाणं लावलं होतं. "ऐका हैबतीदा, तुमच्या जाधवांचं नवीन गाणं! काय बेंजो वाजवलाय! आमचा जुनैद सकाळपासून नाचतोय त्याच्यावर." गाणं संपलं तरी हैबतीचं तोंड उतरलेलंच, हे पाहून इनायतने मुकाट्यानं परत लावलं.

गाण्यात वाड्या-कोंडांची नावं एकामागून एक येत होती. माळवाडी आली. गोठणकोंड आला. त्यानंतर करंजकोंड यायला हवा होता, पण गाणारा सरळ टेपवाडीवर गेला.

"आमचा कोंड खाल्ला रे यांनी," हैबती म्हणाला.

आता या जाधवांचं काय सांगावं! पोलादपूरच्या खोऱ्यात डोळे मिटून खडा भिरकावला तर तो जाधवाच्या छपरावर पडतो, आणि शिव्या देत बाहेर येतो तोही जाधवच. दर चैत्रात त्यांचा 'जाधव चषक' भरतो. खेळ कबड्डीचा, वाडीगणिक एक संघ, आणि अट एकच, खेळणारा जाधव पाहिजे. स्टेजमागे हा एवढा थोरला बॅनर लागतो. त्यावर जगात नाव काढलेले झाडून सगळे जाधव असतात. ऑलिम्पिकचं पदक आणणारे खाशाबा, क्रिकेटवाले, सिनेमात हसवणारे नट, गाणारे, वाजवणारे. त्यातल्या कुणी या खोऱ्यात कधी पाऊल ठेवलं असेल तर देव जाणे, पण इथली म्हातारी माणसं बोलतात अशी की ते परवाच गौरीला जेवून गेलेत. "आपला खाशाबा," असं म्हणतात आणि मिशीवरून हात फिरवतात.

या चषकाचं स्वतःचं गाणं आहे, यंदा ते नव्यानं रेकॉर्ड केलेलं. त्यात खोऱ्यातल्या सगळ्या जाधववाड्या ओवलेल्या. लग्नात, हळदीत, सत्यनारायणाला तेच वाजतं. आपल्या वाडीचं नाव आलं की त्या वाडीची माणसं हात वर करून ओरडतात.

करंजकोंडाचं ओरडायला कुणी उरलं नव्हतं. चार पावसाळ्यांपूर्वी रात्रभर कोसळत राहिला आणि पहाटे डोंगर खाली आला. घरं गेली, गोठे गेले, हैबतीची बायको राही गेली आणि कबड्डीत नाव काढील असं सगळे म्हणत तो पोरगा सुनीलही गेला. हैबती वाचला, कारण पाण्यानं रस्ता बंद झाला म्हणून तो महाडला इनायतच्या माडीवर अडकला होता. दुसरी दोन-चार माणसं वाचली ती मुंबईला लेकीसुनांकडे गेली आणि तिकडचीच झाली.

हैबती पोलादपुरात खोली घेऊन राहिला. रिक्षा चालवत राहिला. पण रिक्षा रिकामी असली तरी मागं कुणीतरी दाटीवाटीनं बसलंय असं त्याला वाटे. ओल्या मातीचा वास येई. शेवटी त्यानं आरसाच काढून टाकला. करंजकोंडाच्या फाट्यावर तर त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. पिशव्या घेऊन माणसं उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो थांबे. मागचं गिऱ्हाईक विचारी, "काय झालं हो?"

"काय नाय. उतारू हायत," हैबती म्हणे आणि गाडी गिअरमध्ये टाकी. गिऱ्हाईक बाहेर बघे आणि आत सरकून बसे.

चषकात मात्र करंजकोंडाचं नाव अजून चालत होतं. दर वर्षी चिठ्ठी टाकली जाई, निवेदक माइकवर नाव पुकारी, सगळे उभे राहत, आणि समोरच्या संघाला पुढे चाल मिळे. त्या एका पुकाऱ्यासाठी हैबती वर्षभर जगत होता म्हटलं तरी चालेल. नाव पुकारलं की त्याच्या रिक्षातली माणसं जरा शांत होत.

गाणं ऐकलं त्या संध्याकाळी तो चषक भरवणाऱ्या मंडळाच्या बैठकीला जाऊन थडकला. अध्यक्ष राजेश जाधव, ठाण्याला धंदा जमवलेला, हाताला सढळ. दरडीच्या वेळी ताडपत्र्या आणि तांदूळ घेऊन सगळ्यांत आधी ट्रक त्याचाच आला होता. माणूस वाईट नव्हता.

"दादा, राग मानू नका," तो म्हणाला. "तीन वर्षं आपण मान ठेवला. पण ज्याला तुमची चिठ्ठी लागते तो न खेळता पुढच्या फेरीत जातो. मागच्या वर्षी भांडणं झाली. आणि खरं सांगू? ऐन मजेत सगळ्यांनी मान खाली घालून उभं राहायचं... पोरांना नको वाटतं आता."

"म्हंजे आमचा कोंड नकोसा झाला."

"तसं नाय हो. ज्या वाडीचा संघ, तिचं नाव. साधा नियम हाय."

"मंग मी संघ आणला तर?"

कुणी हसलं नाही, पण सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हैबतीचं वय पन्नाशीच्या पार, गुडघा धरलेला. राजेश सांभाळून बोलला, "आणा की. सात जाधव आणा, नाव राहील. गाण्यातसुद्धा परत घालू. माझा शब्द."

सात जाधव! हैबतीनं मुंबईला फोन लावले. एकाला ड्युटी होती, एकाची कंबर गेली होती, एकानं तर स्पष्टच सांगितलं, "काका, त्या बाजूला बघवत नाय मला." त्याला तरी दोष काय द्यायचा?

चौथ्या दिवशी सदू त्याच्या खोलीवर आला. सदू जाधव. करंजकोंडाच्या पायथ्याशी ओढ्यापलीकडे बौद्धवाडी आहे, तिथला. आडनाव एकच, डोंगर एकच. पण त्यांच्यातलं कुणी आजवर चषकात खेळलं नव्हतं. कुणी मनाई केली नव्हती आणि कुणी बोलावलंही नव्हतं. सगळ्यांना ठाऊक असतं, बोलत कुणी नाही, त्यातली ही गोष्ट.

सदू उंबऱ्याशीच उभा राहिला. "ऐकलं मी," तो म्हणाला. "आमच्या वाडीत सहा पोरं हायत. तालुक्याला खेळून आलीत. सातवा तू उभा रहा कडेला. करंजकोंडाच्या नावानं खेळतील."

"आत तर ये, सदू."

"आधी हो का नाय ते सांग."

हैबतीला चटकन हो म्हणवलं नाही, आणि त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. "उद्या सांगतो," तो म्हणाला. सदूनं मान हलवली. त्याला हे उत्तर नवीन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैबती फाट्यावर रिक्षा लावून वर चढला. घरं होती तिथं आता कमरेएवढं रान. आपला ओटा कुठं असेल ते अंदाजानं धरून तो बसला.

"राही," तो म्हणाला, "बौद्धवाडीची पोरं आपल्या नावानं खेळायची म्हणतात. चालेल ना गो?"

पाला हलला नाही. हैबतीला राहीचा स्वभाव ठाऊक होता. तिनं त्या पोरांना पाणी दिलं असतं, पण ओंजळीत, वरून ओतून. तिचं काय घेऊन बसलात, हैबतीनंही तेच केलं असतं. पण राहीला मातीतून वर काढली ती सदूनं. फायर ब्रिगेडवाले पोचायच्या आधी, हातांनी उकरून. आणि अंगावरचा ओला सदरा काढून त्यानं तिच्यावर घातला होता, चार माणसांत तिची लाज राहावी म्हणून. सुनीललाही त्याच पोरांनी खांद्यावरून खाली आणला होता.

हैबती बसल्या बसल्या भोवतालचं रान उपटत राहिला. आयुष्यभर एक गोष्ट विचारून केली नाही आणि आता मेल्यावर विचारतोय, म्हणून राही फुरंगटली असेल. "गप्प राहिलीस म्हंजे हो धरतो," तो म्हणाला आणि उठला.

चषकाच्या दिवशी मैदान फुललं होतं. बॅनर लागला होता, गाणं वाजत होतं. करंजकोंडाची गाठ टेपवाडीशी पडली होती. सदूची सहा पोरं नव्या निळ्या बनियनमध्ये हैबतीच्या मागं रांगेनं चालत आली. बनियनवर करंजकोंड असं लिहिलेलं. बनियन इनायतने महाडहून छापून आणले होते.

कुणीतरी ओळखलं. कुजबुज झाली, मग राजेश खाली उतरला. त्यानं हैबतीला बाजूला घेतलं.

"दादा, काय हे? आधी बोलायचं तरी."

"सात जाधव आण म्हणालास. मोजून घे."

"अहो, पण हे... आपले जाधव नायत. तुम्हाला हे सांगायला पाहिजे का?"

हैबतीनं बॅनरकडे हात केला. "आणि ते? ते तुझ्या कुठल्या चुलत्याचे? त्यांचं कूळ विचारून लावलेस फोटो?"

राजेशनं एकदा बॅनरकडे बघितलं, एकदा पोरांकडे. "ती मोठी माणसं हायत, दादा," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "या पोरांचं मी घेईन हो अंगावर, पण निम्मे संघ आत्ता निघून जातील. मला चषक मोडायचा नाय."

सहा पोरं ऐकत होती. त्यातला मोठा ऋत्विक म्हणाला, "चला काका. आपलं ओढ्यात खेळू." सदू पोरांच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.

टेपवाडीचे सात जण मैदानात उतरले होते. पुढे चाल घ्यायला निवांत उभे. निवेदकानं घसा साफ केला, "करंजकोंडाचा संघ हजर नसल्यामुळे..."

"हजर हाय!" हैबती ओरडला.

त्यानं वहाणा काढल्या, खाकी शर्ट काढून सदूच्या हातात दिला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मधली रेषा ओलांडली. त्याच्या मागं अर्धं मैदान रिकामं होतं. पंच जुने गुरुजी होते. त्यांनी राजेशकडे बघितलं, हैबतीकडे बघितलं आणि शिट्टी वाजवली.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी," हैबतीनं दम धरला. तो लंगडतच पुढे सरकला. टेपवाडीची पोरं बिचकून मागं सरली. म्हाताऱ्याला कोण धरणार? त्यांनी हात खाली सोडले. एक जण तर डोळे पुसायला लागला. पब्लिकनं माना खाली घातल्या.

हैबतीचा दम तुटला. "कीव करू नका रे!" तो ओरडला. "माझ्या सुनीलला कधी असं सोडलं होतंत? खेळा! माझ्या कोंडाबरोबर खेळा!"

गुरुजींनी दम तुटल्याची शिट्टी वाजवायला हवी होती. ती त्यांनी वाजवली नाही. हैबतीनं पुन्हा दम धरला आणि कोपऱ्यातल्या पोरावर झेप घेतली. मग मात्र त्या पोरानं खालून घोटा धरला, दुसऱ्यानं कंबर धरली, तिसरा वरून आला, आणि हैबती धाडकन मातीत पडला. रेषेकडे हात लांबवत तो घुसमटत राहिला, पण त्यांनी काही त्याला सोडलं नाही. दम संपला.

शिट्टी वाजली. निवेदक सवयीनं जे तोंडात आलं ते बोलला. "करंजकोंडाचा गडी बाद. करंजकोंडावर लोण. टेपवाडी विजयी."

सदूच्या पोरांनी आत येऊन हैबतीला उठवलं. कोपर सोललं होतं, तोंडात माती गेली होती. रिवाजाप्रमाणे हस्तांदोलनाला सातही जण रांगेत उभे राहिले. टेपवाडीच्या तिघांनी हात मिळवले, चार जण पाणी प्यायच्या निमित्तानं निघून गेले. राजेश स्टेजच्या पायरीवर बसून राहिला होता.

जाता जाता हैबती गुणफळ्यापाशी थांबला. खडूनं लिहिलं होतं, टेपवाडी तीन, करंजकोंड शून्य. पुढच्या सामन्याचे संघ मैदानात येत होते आणि गुरुजींनी फळा पुसायला डस्टर उचललं होतं.

"जरा राहू द्या, गुरुजी," हैबती म्हणाला. "आमची माणसं बघतायत."

गुरुजींनी त्याच्या मागं बघितलं. मागं सदू आणि सहा पोरं उभी होती. गुरुजींनी डस्टर खाली ठेवलं.