दिसतं, पण बघायचं नाही

बॉबिन मशीनवरून टणकन खाली पडली आणि दुपारच्या शांत घरात घरंगळत थेट मोरीपर्यंत गेली. मोरीच्या कट्ट्यावर बसलेल्या निंजाने ती उचलून मला परत दिली.

तो म्हातारा होता. अंगात मातकट सदरा, गुडघ्यावर ठिगळ लावलेली विजार, डोक्याला फडकं. माझ्या मांडीवर काळं कापड पसरलेलं होतं, कारण मी कस्तुरीसाठी निंजाचाच पोशाख शिवत होते. शाळेत वेशभूषा स्पर्धा होती आणि परी व्हायला तिने साफ नकार दिला होता. ती आत झोपली होती, म्हणून मी हळूच विचारलं, "तुमचे काळे कपडे कुठं आहेत?"

"काळं घालून गावात शिरलो असतो तर पोरंसुद्धा चोर चोर करत मागं लागली असती," तो म्हणाला. "आम्ही शेतातल्याच कपड्यांवर जायचो. कधी माळी व्हायचो, कधी जडीबुटी विकायचो."

"मग हे काळं आलं कुठनं?"

"नाटकातनं. सामान हलवणारी माणसं काळं घालून रंगमंचावर यायची. सगळ्यांना दिसायची, पण त्यांच्याकडं बघायचं नाही, असं प्रेक्षकांचं ठरलेलं. एकदा नाटकात त्यातल्याच एकाने पुढं होऊन सरदाराला भोसकलं. लोक किंचाळले. तेव्हापासून निंजा म्हटलं की लोकांना तोच दिसतो."

"आणि तुम्ही?"

"आम्ही डोंगरातल्या खोऱ्यात राहायचो. आमच्याकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. ते आधीपासूनच होतं. आम्ही त्याचा उपयोग नंतर केला."

पोशाख पुरा झाला. टोप नीट बसतो का ते पाहायला हवं होतं, पण झोपलेल्या लेकराला कशाला उठवायचं, म्हणून मी तो स्वतःच्याच डोक्यावर चढवला. डोळ्यांपुरती फट ठीक होती. म्हातारा माझ्याकडे बघत होता. "काढ," तो म्हणाला, पण फार जोर लावून नाही.

मी टोप काढला आणि चहा ठेवला. सासूबाई उठून स्वयंपाकघरात आल्या. "अरे वा, चहा झाला वाटतं," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी कप उचलला आणि वाटेतल्या खुर्चीला वळसा घालावा तसा मला वळसा घालून त्या बाहेर गेल्या.

संध्याकाळी प्रसन्न ऑफिसमधून आला. मी भाकऱ्या थापल्या, पानात वाढल्या.

"आज भाकरी मऊ झालीय," तो आईला म्हणाला.

"झालीय खरी," सासूबाई म्हणाल्या.

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. "प्रसन्न, अरे, मी इथं आहे." त्याने नजर खाली घातली. मी दिसत नव्हते असं नाही. दुसऱ्याच्या उघड्या दारावरून जाताना सभ्य माणूस घालतो, तशी घातली.

कस्तुरी मात्र धावत आली आणि माझ्या गुडघ्यांना बिलगली. "आई, वेणी घाल."

"कस्तुरी, तिकडं बघायचं नाही, बाळा," सासूबाई मायेने म्हणाल्या.

"का?"

"नाही बघायचं. कुणीच बघत नाही."

"पण ती आई आहे."

"असू दे की."

ती हटली नाही. माझ्याकडे पाठ करून बसली आणि मी तिचे केस विंचरायला घेतले. तेलाचा आणि शाळेतल्या धुळीचा तिचा वास घेत मी सावकाश पेड घालत होते. तेवढ्यात प्रसन्नने विचारलं, "आई, कस्तुरी कुठं गेली?"

"खाली खेळत असेल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचं ताट उचलून परत मांडणीवर ठेवलं.

मी वेणी सोडून दिली आणि मागे सरले. "अगं, इथंच होतीस होय!" प्रसन्न हसला आणि तिला कडेवर घेतलं. अर्धी वेणी त्याच्या खांद्यावर सुटत गेली.

म्हातारा मोरीत भांडी विसळत होता. मी त्याच्याशेजारी बसले.

"तुमच्याकडं पोरांचं काय व्हायचं?"

"जी आईकडं बघत राहायची ती आमच्यातच यायची. बाकीची खोऱ्यातनं खाली गेली. दुकानं काढली, लग्नं केली. सुखात होती म्हणतात."

"आणि त्यांच्या आया?"

"आया कामाच्या होत्या," तो म्हणाला. "त्यांच्याएवढं दुरून बघता कुणालाच यायचं नाही."

स्पर्धेच्या सकाळी जिन्यातल्या शेजारीणकाकू दारातून डोकावल्या आणि कस्तुरीला बघून ओरडल्या, "अगंबाई, निंजा! अगदी खराखुरा गं!" खराखुरा त्यांच्या पायाशी उंबरा पुसत होता. त्यांनी पाय उचलून त्याला जागा दिली आणि कस्तुरीची पापी घेऊन निघून गेल्या.

कमरेचा पट्टा बांधायचा राहिला होता. तो मागून बांधायचा असतो, तिचा हात पोचत नाही. मी गुडघ्यांवर बसून गाठ मारायला घेतली.

दारात प्रसन्न स्कूटरची किल्ली बोटात फिरवत उभा होता. "कस्तुरी! कुठं लपलीस? उशीर होतोय!" तो आमच्या अंगावरून खोलीभर नजर फिरवत होता. माझी बोटं गाठीवरून सुटली की त्याची नजर तिच्यावर यायची, तो हसायचा. मी पुन्हा पट्टा धरला की ती भिंतीवर, पंख्यावर, खिडकीबाहेर जायची.

"कस्तुरी?" आता त्याचा आवाज जरा घाबरा झाला होता.

तिने मान वळवली. टोपाच्या फटीतून तिचे डोळे तेवढे दिसत होते. तिने आधी बाबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या कानाशी येऊन अगदी हळू विचारलं, "आई, मी तुला बघू की नको?"