पहिला राउंड

टेंबलाईच्या टेकडीखालच्या मैदानावर पिराजी तात्या आम्हा मुलींना पळायला शिकवायचे. तात्या लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, तरुणपणी पलटणीसाठी पंधराशे मीटर पळलेले. गळ्यात काळ्या दोरीला स्टॉपवॉच आणि डोक्याला मफलर, तोही बारा महिने. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, पण पाच मिनिटं उशीर झाला तरी घरी पाठवायचे. तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही घरी पाठवलं नव्हतं. अंगात ताप असताना मी गेले, सहामाहीच्या पेपरच्या सकाळी गेले. आठशे मीटरमध्ये जिल्ह्यात माझ्या वयाची कुणी माझ्या जवळपास नव्हती आणि हे सगळ्या मैदानाला माहीत होतं.

१९९४च्या दिवाळीनंतर रक्षिता आली. तिच्या शाळेच्या रिलेत एक मुलगी कमी पडत होती म्हणून बाईंनी तिला पाठवलेलं. वडील विरूपाक्ष अप्पा, त्यांचं लक्ष्मीपुरीत भुसार मालाचं दुकान. मूळचे संकेश्वरकडचे, घरात कन्नड. बाहेर मात्र पोरगी अस्सल कोल्हापुरी, मी येतो, मी जातो असं बोलणारी. तात्यांनी सहज म्हणून तिला माझ्याबरोबर आठशेला उभं केलं.

पहिला राउंड ती माझ्या मागं होती. शेवटच्या दोनशेला ती शेजारून गेली. जोर लावून गेली असती तर मी समजून घेतलं असतं. पण ती रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं म्हणून जरा पुढं जावं तशी गेली. मी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "संपलं? मला वाटलं अजून एक राउंड हाय."

तात्यांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि मला हाक मारून दाखवलं. जणू मलाही आनंद व्हायला हवा होता.

"अंतरे, तू मेहनतीची हैस," ते त्या दिवशी म्हणाले, "पण ही उपजत हाय बघ."

चांगल्या मनानं म्हणाले होते. ते वाक्य घेऊन मी घरी आले आणि आईनं वाढलेलं ताट तसंच सरकवून दिलं.

रक्षिता माझ्यापेक्षा वर्षानं लहान. पहिल्या आठवड्यापासूनच ती मला आक्का म्हणायला लागली. डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणायची, अर्धी माझ्यासाठी. पळताना कायम माझ्या मागं राहायची. तात्या पुढं जा म्हणाले तरी म्हणायची, "आक्काच्या मागं बरं वाटतंय." आणि सराव संपत आला की शेवटच्या शंभराला मला मागं टाकायची. तेही हसत.

ती उशिरा यायची, पण तात्या तिला घरी पाठवत नसत. मावसभावाच्या लग्नाला म्हणून गावाला जायची ती दहा दिवस उगवायची नाही, आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा जोरात पळायची. एका रविवारी तात्यांनी आम्हाला वाघबिळापासून पन्हाळ्यापर्यंत चढ पळायला लावलं. मी एकटी पुढं होते. मागं वळून बघितलं तर रक्षिता रस्त्याकडेच्या बाईकडून भाजलेलं कणीस घेत होती. मला वाटलं, आज तरी. नाक्याच्या थोडं अलीकडं मला पावलं ऐकू आली. कणसाचे दाणे चावत ती माझ्या बरोबरीला आली. "तुझ्यासाठी पण घेतलं असतं," ती म्हणाली, "पण धरून पळता येईना."

मला तिचा राग यायला हवा होता, पण राग येण्यासारखं ती काही करायचीच नाही. म्हणून मी फक्त जळत राहिले. ती आजारी पडावी असं मला वाटायचं. मोठं काही नाही, आपलं कावीळ वगैरे. असं वाटलं की मी स्वतःला शिव्या द्यायचे आणि पुन्हा तेच वाटायचं.

१९९६च्या जानेवारीत पुण्याला राज्य स्पर्धा होती. कुमारी गटातून राष्ट्रीय शिबिरासाठी निवड व्हायची, पण त्यासाठी आठशेला दोन मिनिटं तेरा सेकंदांच्या आत यायला लागायचं. रक्षिताची सरावातली वेळ दोन बारा होती. माझी सर्वांत चांगली दोन एकोणीस.

शर्यतीच्या सकाळी तात्या आम्हा दोघींना स्टेडियमबाहेरच्या झाडाखाली घेऊन बसले. काटकीनं मातीत ट्रॅक काढला.

"रक्षीला वेगाचा अंदाज न्हाय," ते मला म्हणाले. "एकटी सोडली तर ही मागं रेंगाळतीया आणि शेवटी वेळ हुकतीया. तू पुढं पळायचं. पहिला राउंड चौसष्ट सेकंदात. ही तुझ्या पाठीला चिकटून. शेवटच्या राउंडची घंटा वाजली की तुझं काम झालं, तू बाजूला हो."

"चौसष्टात पळाले तर दुसऱ्या राउंडला माझ्यात काही राहणार नाही, तात्या."

"न्हाई राहणार."

"मग माझी शर्यत?"

"तुझी पुढच्या वर्षी हाय की." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "एवढं कर पोरी. आपल्या मैदानाचं नाव हुतंय."

रक्षिता बुटाची नाडी बांधत होती. तिनं वर बघितलं. "आक्का हाय म्हटल्यावर मला काय काळजी न्हाय," ती म्हणाली.

बंदुकीचा बार झाला आणि ठरल्याप्रमाणे मी पुढं गेले. रक्षिता माझ्या पाठीला. बाकीच्या मुली मागं. पहिल्या शंभरापर्यंत मी चौसष्टाच्याच वेगात होते, शपथेवर सांगते. वळणाला मला तिचा श्वास ऐकू आला. शांत, लयीत, घरात बसल्यासारखा. माझी छाती तेवढ्यातच भरून आली होती. ती शिबिराला जाणार, देशाचा ब्लेझर घालणार, कोल्हापुरात मिरवणूक निघणार आणि मी लोकांना सांगत बसणार की पहिला राउंड माझ्यामुळं झाला.

मी पाय आखडता घेतला. फार नाही. बघणाऱ्याला कळणार नाही एवढाच.

तारेपलीकडून तात्या ओरडले, "अंतरे, वाढीव! वाढीव की!" मला स्वच्छ ऐकू आलं. मी वाढवलं नाही.

घंटा वाजली तेव्हा एकोणसत्तर सेकंद झाले होते. रक्षिता बाहेरून माझ्या शेजारी आली. एकदाच तिनं माझ्याकडं बघितलं आणि गेली. तसं पळणं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. मागचे पाच सेकंद ती एकटी भरून काढत होती. सगळं स्टेडियम उभं राहिलं होतं. दुसऱ्या नंबरच्या मुलीपेक्षा ती तीस मीटर पुढं होती.

दोन तेरा पॉइंट आठ. म्हणजे दुसरा राउंड चौसष्ट पॉइंट आठमध्ये. आठ दशांश सेकंदांनी तिचं शिबिर हुकलं.

मी तिसरी आले. दोन अठरा पॉइंट नऊ, माझी तोवरची सर्वांत चांगली वेळ. जपून पळाले होते ना. राज्याचं ते कांस्यपदक अजून आमच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे.

तात्या आले. हातात घड्याळ तसंच होतं. "पहिल्या राउंडला काय झालं गं?"

"पोटात कळ आली, तात्या."

त्यांनी मला खाली बसवलं, स्वतःच्या हातानं मीठसाखरेचं पाणी पाजलं. "माझीच चूक," ते म्हणाले. "एका पोरीवर दोन कामं टाकायला नको हुती." रक्षिता थोड्या अंतरावर उभी राहून मोजे काढत होती. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं लावून बसली. कऱ्हाडला गाडी थांबली तेव्हा तिनं डबा उघडला नाही. शिबिर हुकलं म्हणून असेल, असं मी मनाला सांगितलं.

त्यानंतर ती आठ-दहा दिवस मैदानावर आली आणि मग यायची बंद झाली. तात्या मला घेऊन लक्ष्मीपुरीत गेले. विरूपाक्ष अप्पांनी पोत्यावर बसायला जागा करून दिली, चहा मागवला.

"पोरगीच नको म्हणत्या," ते म्हणाले. "मी काय तिचं पाय बांधलं न्हाईत, तात्या. मी तर सांगितलं, जा. जात न्हाय म्हणाली."

तात्यांचा विश्वास बसला नाही. सगळ्या कोल्हापुरात असंच बोललं गेलं की व्यापारी माणसानं पोरीचं मातेरं केलं. १९९८ला तिचं लग्न झालं, निपाणीच्या कापडवाल्यांच्या घरात. तेव्हा तर लोकांना खात्रीच पटली. त्या भल्या माणसाला बोल लागत होता आणि मी ऐकून घेत होते.

पुढच्या वर्षी, १९९९ला, मी खुल्या गटात राज्यात पहिली आले. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी कचेरीत नोकरी लागली. पदक घेऊन मैदानावर गेले तेव्हा तात्यांनी पेढा भरवला, पाठ थोपटली, आणि मग टेकडीकडं बघत म्हणाले, "ती असती तर आज दोन मिनिटांच्या आसपास पळत असती." पेढा माझ्या तोंडात होता.

नंतरही तेच. मी दोनदा राष्ट्रीय स्पर्धेला गेले, पुढं तात्यांच्या हाताखाली मुलींना शिकवायला लागले. नवीन मुलगी आली की तात्या रक्षिताची गोष्ट सांगायचे. जी पळाली ती मी, आणि लोक आठवण काढायचे ती न पळालेलीची. तिच्या नावावर एकही मोठं पदक नव्हतं, म्हणून तिला कुणी हरवूही शकत नव्हतं. मी तर नाहीच.

२००७ला तात्यांना पंचाहत्तर वर्षं झाली. आम्ही जुन्या मुलींनी हॉल घेऊन सत्कार ठेवला. हॉल मी ठरवला, जेवण मी सांगितलं, पत्रिका मी वाटल्या. निपाणीला पत्रिका पाठवणारीही मीच. ती येणार नाही असं वाटलं होतं.

ती आली. अंगानं भरलेली, ठसठशीत कुंकू, नवऱ्याबरोबर. तात्यांनी तिला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. भाषणाला उभे राहिले आणि पंधरा मिनिटांतली दहा मिनिटं तिच्यावर बोलले. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. शेवटी म्हणाले, "आणि आजची सगळी व्यवस्था आमच्या अंतरानं केली. टाळ्या वाजवा तिच्यासाठी." टाळ्या वाजल्या.

जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले. पश्चात्ताप झाला म्हणून नव्हे. खोटं कशाला बोलू? मला तिला दुखवायचं होतं. तू नशिबानं हरली नाहीस, मी तुला हरवलं, हे तिला एकदा कळावं असं वाटत होतं.

"पुण्याला माझ्या पोटात कळ आली नव्हती," मी म्हणाले. "पहिला राउंड मी मुद्दाम हळू पळले."

तिनं जिलेबीचा तुकडा मोडला. "ठावं हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापासनंच. रोज तुझ्या मागं पळत होतो की मी. तुझा पाय कसा पडतोय हे मला कळत न्हाय व्हय? पहिल्या वळणालाच कळलं."

"मग पुढं का गेली नाहीस?"

"तात्या म्हणालते, घंटेपतोर आक्काची पाठ सोडायची न्हाय. आणि मला वाटलं, आता वाढवंल. ह्या वळणाला न्हाय तर त्या वळणाला. आक्का हाय, मुद्दाम कशाला करंल?" ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "घंटा वाजली तवा बघितलं तुझ्याकडं. तुझं तोंड बघितलं आणि कळलं, न्हाय वाढवणार."

"वेळ तर पुढच्या वर्षी आलीच असती."

"आली असती की. पण पळू कुणाच्या मागं?" आता ती माझ्याकडं वळली. "तुमास्नी सगळ्यांस्नी वाटायचं, पोरीला पळायचं येड हाय. मला कसलं येड! मला एकटीला पळायला कधीच आवडलं न्हाय. तू असायचीस म्हणून येत होतो मी मैदानावर."

आठ दशांश सेकंद मी अकरा वर्षं मनात घोळवत होते. तिचं शिबिर मी हिरावलं, एवढाच माझा हिशोब होता. त्याच्या पलीकडं काही गेलं असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मला माफ केलंस का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"न्हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण तात्यांस्नी सांगू नको. म्हातारा माणूस हाय, जीवाला लावून घेईल." मग नवऱ्यानं लांबून हाक मारली तशी ती उठली, ताट ठेवलं, तात्यांच्या पाया पडली आणि गेली.

आणि तेवढं सगळं ऐकल्यावरही, मी खरं तेच सांगते, मला तिचा हेवा वाटला. अकरा वर्षं तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. बापाला बोल लागला तरी नाही. मला तर तिचं नाव शांतपणे ऐकता येत नव्हतं.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी तात्या मैदानावर खुर्ची टाकून बसले होते. मुली वॉर्मअप करत होत्या.

"सत्काराला तुमी दोघी लई वेळ बोलत हुता," ते म्हणाले. "काय म्हणाली का गं? का सोडलं तिनं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. मफलर सैल झाला होता.

"काही नाही बोलली, तात्या. घरचंच काहीतरी असेल."

त्यांनी मान हलवली. मग त्या आठवड्यात नवीन आलेल्या दोन मुलींना जवळ बोलावलं आणि पुण्याच्या शर्यतीचा दुसरा राउंड सांगायला लागले. मी शिट्टी घेऊन बाकीच्यांकडं गेले आणि त्यांना सुरुवातीच्या रेषेवर उभं केलं.