दिवे वाढव

मी बरणी बोलतेय. साधी काचेची, रुंद तोंडाची. बरणीला काय कळतं, असं म्हणाल तर म्हणा बापडे. पण आम्हाला तोंड असून बोलता येत नाही, त्यामुळे बघत बसायची सवय आपोआप लागते. मी जे पाहिलं ते सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा.

भट्टीतून बाहेर पडले तेव्हा माझ्या बुडाशी एक बुडबुडा राहून गेला. दुकानदाराने त्यापायी मला मागच्या फळीवर ढकललं. तिथून एका सुताराने मला उचललं आणि स्क्रू ठेवायला घेतलं. माणूस मजेशीर होता. न बघता हात घालायचा आणि नेमका हवा तोच स्क्रू काढायचा. नाही सापडला तर, "चला गं बाहेर, लपाछपी पुरे," म्हणायचा. घरात तो, त्याची आई आणि बायको, एवढीच माणसं. त्याच्याकडे माझी आठ वर्षं सुखात गेली.

मग एका दुपारी तळ्यापलीकडच्या कुणाचं तरी दार बसेना, म्हणून तो होडीत हत्यारं टाकून निघाला. मागोमाग धुकं उतरलं. दुसऱ्या दिवशी होडी मिळाली, पालथी. तो मिळाला नाही.

आईने ऐकलं आणि ती जागीच कोसळली. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. बायकोने मात्र ते मानलंच नाही. "त्याला पोहता येतं. धुक्यात वाट चुकली असेल. घर दिसलं की येईल," एवढंच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली.

घर दिसावं म्हणून तिने मला हाताशी घेतलं. माझ्यातले स्क्रू कागदावर ओतले, राखेने मला घासलं, कोमट पाण्याने धुतलं. नवऱ्याच्याच पेटीतली तार माझ्या गळ्याला दोनदा गुंडाळली, पकडीने पीळ घातला, वर कडी केली. तारेवरून सुतळी, तळाशी दोन मुठी वाळू, वाळूत मेणबत्ती. मला दाराच्या चौकटीला टांगून तिने काडी ओढली. इतकी वर्षं लोखंड सांभाळलं होतं, आता उजेड सांभाळायचा होता. मनातून मी हरखले, खोटं कशाला बोलू?

आईचा पलंग खिडकीशी होता. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तळ्याकडच्या वाटेकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटले.

"दिवे वाढव."

इथेच घोळ झाला. सून लहानपणापासून वसतिगृहात राहिलेली. तिथे भिंतीवरचं बटण दाबायचं आणि बंद करा म्हणायचं. दिव्याला विझव म्हणू नये, वाढव म्हणावं, हे ज्या घरात कानावर पडतं तसं घर तिला मिळालंच नव्हतं. म्हातारी विझव म्हणत होती, आणि ही आनंदाने म्हणाली, "कमी पडतात होय, आई? उद्या अजून एक लावते हं."

म्हातारीकडे तेवढेच दोन शब्द उरले होते. समजावणार कशी? मी तर बोलूनचालून बरणी.

झालं. सून शेजारपाजारच्या रिकाम्या बरण्या मागून आणू लागली. मधाच्या, कॉफीच्या, औषधाच्या. लेबलं भिजवायची, तार वळायची, सुतळी बांधायची. बोटांना घट्टे पडले. दर संध्याकाळी म्हातारी तेच दोन शब्द म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी रांगेत एक बरणी वाढायची. आधी कठड्यावर, मग पायऱ्यांवर, मग वाटेच्या कडेला खांब ठोकून. एकोणिसावी बरणी अगदी पाण्याला टेकली.

त्या संध्याकाळी वारा नव्हता. दिवेलागण झाली आणि तळ्याकाठची ज्योत आडवी झाली. मग तिच्या अलीकडची, मग तिच्याही अलीकडची. कुणीतरी शेजारून चालत गेलं की होते तशी. पाण्याकडून मोजत आठव्या बरणीशी ते थांबलं. मेणबत्त्या संपल्या तसं परत गेलं. सकाळी आठव्या बरणीपर्यंत माती ओली होती.

पुढच्या संध्याकाळी ते दहाव्या बरणीपर्यंत आलं, त्याच्या पुढच्या दिवशी बाराव्या. पावलं जड होती, फरफटत पडायची. मला ती ओळखता आली. मी आठ वर्षं त्या पावलांच्या आवाजावर दिवस काढले होते.

सुनेला ओली माती दिसायची आणि तिचा चेहरा उजळायचा. "येतोय, आई. थोडंच राहिलंय." म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. ती चांगला हात गादीवर आपटायची. "वाढव. दिवे वाढव." जीव तोडून सांगायची, आणि सून जीव तोडून ऐकायची. मला त्या दोघींची इतकी दया यायची की तडकून जावंसं वाटायचं.

एकदा रात्रभर जागून सून पायरीवरच झोपली. तिने पुन्हापुन्हा नव्या मेणबत्त्या लावल्या होत्या, त्यामुळे सकाळी धुक्यात आम्ही जळतच होतो. टपालवाले काका आले. म्हणाले, "सूनबाई, उजाडलं की. वाढवा आता दिवे."

"किती वाढवू, काका? बरण्या संपल्या."

काका हसले. "अहो, वाढवा म्हणजे विझवा. सासूबाईंनी शिकवलं नाही वाटतं?"

ती हसली नाही. काका गेल्यावर आत जाऊन पलंगाशी बसली. "म्हणजे तुम्ही पहिल्या दिवसापासून... त्याला परत जाऊ दे म्हणत होता?" म्हातारीने डोळे मिटले आणि मान हलवली.

त्या संध्याकाळी सुनेने वाटेवरची एकही बरणी लावली नाही. फक्त मला लावलं. "एकदाच बघते, आई. मग वाढवते." कसंबसं एवढं बोलून ती दारात उभी राहिली.

तो अंधारातून सरळ आला. पायऱ्यांवर पाणी ठिबकलं. माझ्या उजेडात त्याचा चेहरा आला, आणि मला वाटलं होतं तसा तो भयंकर नव्हता. नुसता दमलेला होता. कितीतरी दिवस कुणी झोपूच दिलं नाही, असा. तो बायकोकडे बघत नव्हता. ज्योतीकडे बघत होता, आणि पापणी मिटायची त्याला सोय नव्हती.

तिने हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला. "मी बोलवत राहिले," ती म्हणाली, "आणि तू चालत राहिलास. चुकलं रे माझं. झोप आता."

मग तिने माझ्या तोंडाशी वाकून फुंकर घातली. अंधारात कुणीतरी लांब श्वास सोडला, आणि पायऱ्या एकेक करून हलक्या झाल्या.

आता मी पालथी आहे, मागच्या भिंतीवर. आत काजळी आहे, ती कुणी घासली नाही आणि घासू नये. म्हातारी आता रात्री शांत झोपते. सून तिच्या उशाशी बसून रडते, पण अंधारात बसून रडते. तुमचंही कुणी गेलं असेल तर खुशाल आठवण काढा, हवं तेवढं रडा. फक्त वाटेवर दिवा लावून बसू नका. तो दिसला की त्यांना यावंच लागतं.