वीणेच्या पहाऱ्यात दोन विमानं

सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून उतरली की लगेच दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात दुपारचा पहारा मनसारामचा होता. एरवी तलावात जाळं टाकणारा हा माणूस वीणा गळ्यात आली की असा डुलायचा, की बघणाऱ्याचंही मन ओलं व्हावं.

त्या दिवशी मात्र तो सारखा मंडपाबाहेरच्या आभाळाकडे बघत होता. त्याची लेक दिव्यानी चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकत होती, आणि आज पहिल्यांदाच एकटी, छोटं विमान घेऊन नागपूरला निघाली होती. घरात फोन एकच. पहाऱ्यात घंटी वाजू नये म्हणून तो त्यानं बायकोजवळ दिलेला. कुंता मंदिरामागं पंगतीची वांग्याची भाजी हलवत होती.

"काका!" पुतण्या भूपेश धावतच आला. "ग्रुपवर आलं जी. नागपूरकडं शिकाऊ विमान मोठ्या विमानाले भिडलं म्हणते."

"कुठचं शिकाऊ?"

"चंद्रपूरचं."

टाळ थांबले. कुंता हातातल्या झाऱ्यासकट मंडपात आली. तिनं फोन लावला, पुन्हा लावला.

"बंद सांगते. ठेवा जी ते खाली, अन् चला नागपूरले."

"खाली नाई ठेवत."

"काऊन? पोरीपेक्षा मोठी हाय का ते?"

"पोर वर हाय, कुंता," मनसारामचा आवाज फाटला. "मी हे खाली कशी ठेवू?"

कीर्तनकार सुनिल महाराज पुढं झाले. "द्या भाऊ, मी घेतो. हातोहात घेतली तर नेम मोडत नाही."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा रामकृष्णहरी सुरू केलं. सूर कुठल्या कुठं. महाराजांनी वाद घातला नाही, टाळ उचलले आणि त्याच बेसूर सुरात आपला सूर मिसळला. मग मंडपातल्या बायका, मग सगळेच. कुंता पायरीवर बसली. एका हातात झारा, एका हातात फोन. ती कधी म्हणू लागली ते तिलाही कळलं नाही.

पुढच्या पहाऱ्याचा अतुल अंघोळ करून आला तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हतं. रिवाजाप्रमाणे तो मनसारामच्या पाया पडला, वीणा आपल्या गळ्यात घेतली. आणि फोन वाजला.

"माय, बाबाचा पहारा झाला का?"

कुंता ताडकन उठली. "तू... तू कुठी हायेस?"

"नागपूरले. उतरून लय वेळ झाला. ढगातून मोठं विमान एकदम समोर आलं. मी उजवीकडं वळवून खाली घेतलं. त्याच्या खिडक्या दिसल्या माय, इतकं जवळ! पण भिडलं नाई. कोणाले खरचटलं बी नाई. मंग विमानतळावरच्या साहेबांनी बसवून सारं विचारलं."

"मग फोन काऊन बंद?"

"विमानात बंद केला, तसाच ठेवला. बाबानंच सांगितलं होतं ना, पहाऱ्यात घंटी नोको वाजवू म्हणून. टाइम होऊ देला."

"पहारा बाबाचा होता, भवाने! माहा नोता!"

एवढ्या जोरात ओरडली, की सारा मंडप हसला. मग तीही हसली, पदर डोळ्याला लावून.

मनसारामचे हात अजून वीणा धरल्यासारखेच वाकलेले होते. त्याच हातांत त्यानं फोन घेतला.

"जेवली का वो?"

"नाई बाबा. डबा तसाच हाय."

"पहिले खाऊन घे. अन् वापस कशी येशील?"

"तेच विमान घेऊन. आता आमचे शिकवणारे साहेब येऊन संगं बसते म्हणाले."

मनसाराम अतुलकडे वळला. "अतुल, तू जेवून ये. तुहा पहारा मीच करतो."

अतुलनं काही न विचारता वीणा परत त्याच्या गळ्यात घातली. कुंतानं फोन हिसकावला.

"अन् तू, उतरली का पहिले मले फोन कर. पहारा असो का आरती. देव काई म्हणत नाई."