मेंदी काढणाऱ्या बी बारकेने काडी वाटीत बुडवली आणि मुनिराच्या पालथ्या डाव्या हातावर तिसरी पाकळी काढली. काळी रेघ केसासारखी बारीक उमटली. खाली अंगणात बायका नारळ खवत गात होत्या. निकाह उद्यावर आला होता.

काडीला हात लावण्याआधी बारकेने नेहमीचा प्रश्न विचारला होता.

“याआधी पिको लावलाय? कधी खाजलं, फोड आले?”

“कधीच नाही,” मुनिरा म्हणाली होती. “काळाच काढा. सासरी, स्वालेहच्या घरी, लाल मेंदी चालत नाही.”

तीन वर्षांपूर्वी शेला गावच्या एका नवरीचे डोळे पिकोमुळे दुसऱ्या दिवशी सुजून मिटले होते. पिको म्हणजे केस काळे करायची पूड. ती कातडीसाठी नसतेच, हे बारकेला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा सुनावलं होतं. बारकेने तो सोडला नाही, गिऱ्हाइकं तोच मागत. पण हातात मोजे आले, आणि हा प्रश्न आला.

“बाही वर घे. कोपरापर्यंत वेल न्यायचीय.”

मुनिराने बाही अर्धवटच सरकवली. बारकेने ती स्वतः वर केली आणि तिचा हात थांबला. कोपराच्या आतल्या बाजूला फिकट, किंचित उंचावलेली रेघ होती. रेघेला पाकळ्या होत्या. भाजल्याच्या डागाला पाकळ्या नसतात.

“हे काय गं?”

“चहा सांडला होता.”

“चहा फूल काढतो?”

मुनिरा खिडकीकडे बघू लागली. बारकेने काडी टाकली आणि तिला मनगटाला धरून मोरीत नेलं. साबण चोळला, पाणी ओतलं, पुन्हा साबण लावला. पाणी करडं झालं, मग निवळलं. पाकळ्यांच्या जागी फिकट राखाडी सावली उरली.

“खाज येतेय? ओठ जड वाटतात? खरं सांग.”

“नाही.”

“एकदा अंगावर उठलेलं दुसऱ्यांदा जास्त उठतं. तुला वाटलं, हात सुजेल. गळाही सुजतो, पोरी. श्वास अडकतो. आणि या बेटावरून मोठा दवाखाना गाठायचा म्हणजे आधी होडी.”

मुनिराच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं. ते मोरीतलं नव्हतं.

“हातच सुजायला हवा होता,” ती म्हणाली. “आठवडाभर. निकाह पुढे गेला असता. स्वालेह सोमवारी जहाजावर परत जातोय, मग दोन वर्षं नाही. तोवर माझा नर्सिंगचा कोर्स झाला असता. पैसे भरलेत, बी. लग्नानंतर ठरवू म्हणतात सासरचे. लग्नानंतर कोण ठरवतं?”

बारके मोरीच्या कठड्यावर बसली. तिची नजर त्या हातावरून हटेना. कातडी लाल होतेय, की घासल्यामुळे तशी दिसतेय? तिने बोट टेकवलं. गरम लागलं. मग स्वतःच्या गालाला टेकवलं. तोही गरमच होता.

जिन्यावर पावलं वाजली. मुनिराची आई म्वानाते हाताला लागलेला नारळ पदराला पुसत आत आली.

“मेंदी चढली का? स्वालेहच्या आत्याने खाली जीव खाल्लाय नुसता.”

मग तिला काळी वाटी दिसली. ओला हात दिसला.

“पिको? अगं, हिला एवढीशी असताना मोम्बासाच्या दवाखान्यात नेलं होतं मी या हातामुळे! सकाळीच बजावलं होतं, बीला सांग, फक्त साधी मेंदी...”

ती मध्येच थांबली. म्वानातेने लेकीकडे पाहिलं.

“विसरली नव्हतीस तू,” ती हळूच म्हणाली.

मुनिराने मान खाली घातली.

खालून स्वालेहच्या आत्याचा, बी झेनाचा, आवाज आला. “अहो विहीणबाई, नवरीचे हात रंगवताय की घराच्या भिंती? आम्हाला बघू तरी द्या!”

म्वानातेने तो हात उजेडाकडे धरला. उलटा केला, सुलटा केला. नाकाजवळ नेऊन हुंगलाही.

“आता काही होईल?” तिने बारकेला विचारलं.

“लगेच धुतलंय. तरी दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं. चेहरा सुजला, धाप लागली, तर क्षणभरही थांबायचं नाही.”

म्वानाते मान हलवत राहिली. मग तिने खुंटीवरचा पांढरा पंचा ओढला, दातांनी फाडला, आणि लेकीच्या मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळायला सुरुवात केली. नीट, घट्ट, एकेक वेढा. मुनिरा आईच्या तोंडाकडे बघत राहिली. बारकेने गाठीवर बोट धरलं.

म्वानाते जिन्याशी गेली. खाली वाकण्याआधी तिने डोळे पुसले. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा चोळून लाल केले.

“बी झेना,” तिने हाक मारली, “कुणाला तरी धक्क्यावर पिटाळा, होडी सांगा. पोरीच्या हाताचं काही खरं नाही.”