सुकाणूवर कोण होतं

माझे सासरे बू शौगन यांना कालव्यावर सगळे बू तांडेल म्हणत. जन्म नावेत, लग्न नावेत, आणि चव्वेचाळीस वर्षं हात सुकाणूवर. त्यांना मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी, त्साइफंग. तिच्याशी लग्न करून मी त्यांच्याच नावेवर राहायला आलो. मी शेतकऱ्याच्या घरचा, मला पोहतासुद्धा येत नव्हतं. त्यांनी मला पोहायला शिकवलं, इंजिन शिकवलं, पाण्याच्या रंगावरून खाली गाळ कुठे साचलाय ते ओळखायला शिकवलं. सासऱ्याच्या जिवावर राहतोस, असं एकदाही बोलले नाहीत. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे केलं ते मी अशा माणसाशी केलं.

नाव लोखंडी होती, कोळशाची. उत्तरेला भरायची, सूचौच्या बाजूला रिकामी करायची, की पुन्हा उत्तरेला. सगळा जन्म इंजिनाच्या धडधडीशेजारी काढल्यामुळे बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, डावा कान गेल्यातच जमा होता. उजव्याने ऐकू यायचं, पण मोठ्याने बोलावं लागे.

थंडीचे दिवस होते, सकाळचे नऊ-साडेनऊ. गाओयौच्या अलीकडे कालवा सरळ आणि रुंद आहे. माझी पाळी आली म्हणून मी वर गेलो. बाबा म्हणाले, “धरलंस?” मी म्हणालो, “धरलं, जा तुम्ही.” ते पेज प्यायला खाली उतरले. त्साइफंग पुढच्या टोकाला कोबी चिरत बसली होती.

रेडिओवर त्या वेळी एक कथेकरी रोज जुन्या लढायांची गोष्ट सांगायचा. रेडिओ राहिला होता मधल्या फळीवर. समोर पाणी मोकळं होतं. मी सुकाणूच्या चाकाला दोरीचा फास घातला आणि रेडिओ आणायला गेलो. सरळ पाण्यात सगळेच असं करतात. पण तिथे एक ओढा कालव्याला मिळतो. ओढ्याच्या पाण्याने नावेचं तोंड ढकललं, आणि मी मागे वळून पाहीपर्यंत आम्ही वीटभट्टीच्या धक्क्याकडे निघालो होतो.

धक्क्याला यान सिबाओची नाव बांधलेली होती. त्याची बायको एका हाताने कठडा धरून बादली वर ओढत होती. आम्ही तिथेच आदळलो. तिचा हात दोन लोखंडांच्या मध्ये सापडला. पुढे तिची दोन बोटं काढावी लागली.

मी धावत चाकापाशी गेलो. दुसऱ्या बाजूने बाबाही धावत आले. दोघांचे हात एकाच वेळी चाकावर पडले. यान ओरडून विचारत होता, सुकाणूवर कोण होतं? आजूबाजूच्या नावांवरची माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “मी वर पोहोचायच्या आत बाबांनी सोडलं.”

बाबा हळूच म्हणाले, “तू धरलं म्हणालास ना?”

“आलो म्हणालो, बाबा. आलो.”

त्यांनी उजव्या कानाला हात लावला. मग यानकडे वळून सगळ्यांसमोर कमरेत वाकले आणि चूक माझी म्हणाले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. रात्री बोलेन म्हटलं, मग नाव रिकामी झाल्यावर बोलेन म्हटलं. तोवर बाबा किनाऱ्यावर राहायला गेले होते. नाववाल्यांच्या वस्तीत एक खोली घेतली. त्साइफंगने पुष्कळ विनवलं. त्यांचं एकच म्हणणं, ज्याला ऐकू येत नाही त्याने दुसऱ्याच्या बायकामुलांच्या मधून नाव हाकू नये. न हलणाऱ्या बिछान्यावर त्यांना झोप लागायची नाही. आम्ही गेलो की सांगायचे, पहाटेपर्यंत कूस बदलत असतो. शहरात जाऊन त्यांनी कान तपासून घेतला आणि कानात घालायचं यंत्र आणलं. मला ते काढून दाखवलं, त्याची बटणं समजावून सांगितली. मी मान डोलावत राहिलो.

दरवर्षी नवीन वर्षाच्या तोंडावर ते यानच्या नावेवर खारवलेल्या बदकाच्या अंड्यांची टोपली घेऊन जायचे. पहिल्या वर्षी यान वहिनी त्यांना तोंडावर म्हणाली होती, बहिऱ्याने जमिनीवर बसावं, पाण्यात कशाला मरायला यावं. तरी ते गेले. तिसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून टोपली उचलायला मला बरोबर नेलं.

यान वहिनी पिठाच्या पाऱ्या लाटत होती. तीन बोटांनी लाटणं धरायची तिला आता सवय झाली होती. आम्हाला बसवलं, गरम पाणी दिलं. म्हणाली, “काका, आता पुरे करा. तुमच्याकडे बघवत नाही मला.” बाबा म्हणाले, “चालता येतंय तोवर येऊ दे, पोरी.” मी टोपलीची दोरी सोडवत होतो. गाठ साधी होती, पण माझ्याकडून सुटेना.

तिथे माझी जीभ रेटली नाही. परत येताना काठावरच्या रस्त्यावर, बाबा एका झाडाला टेकून दम खात होते, तेव्हा सांगितलं. रेडिओ, दोरीचा फास, सगळं. ‘धरलं’ म्हणालो होतो, तेही.

त्यांनी खिशातून यंत्र काढून कानात बसवलं. “परत सांग.”

मी परत सांगितलं. त्यांना राग येईल, हात उगारतील असं वाटलं होतं. त्यांनी झाडाचा आधार सोडला. मग म्हणाले, “तीन वर्षं मी ते एक वाक्य आठवतोय. रोज. कधी धरलं ऐकू यायचं, कधी आलो. मला वाटलं, कान गेला तसं डोकंही चाललं.” आणि उलट दिशेने चालायला लागले. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, “खोटं चारचौघांत बोललास. हेही तिथेच बोल.”

धक्क्यावर पाच-सहा नावा होत्या. यानच्या नावेवर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मी सांगितलं. यान विडी ओढत राहिला. वहिनी माझ्याकडे बघतच नव्हती. ती बाबांकडे वळली आणि रडत म्हणाली, “तुमची अंडी खाल्ली मी, काका. आणि काय काय बोलले तुम्हाला.” मग माझ्याकडे न बघताच यानला म्हणाली, “याला आधी खाली उतरव.” यानने फळी दाखवली. मी उतरलो.

त्साइफंगला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून धावत जाऊन मीच सांगितलं. तिने एकच विचारलं, “आणि मी तेव्हा बाबांना काय म्हणाले होते, आठवतंय तुला?” मला आठवत होतं. ती म्हणाली होती, बाबा, तुम्ही आता म्हातारे झालात हे मान्य करा. त्यानंतर तिने अंथरूण पुढच्या कोठीत हलवलं. दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलली, डावीकडे घे, हळू कर, दोर टाक.

वसंतात ती बाबांना नावेवर घेऊन आली. त्यांनी चाकावर हात ठेवला तेव्हा आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. पहिला तासभर नाव अशी गेली की पाण्यावर रेघही वाकडी उमटली नसेल. मग ते विचारायला लागले, पुढे काही आहे का? ओढा जवळ आला का? कुणी हाक मारली का आत्ता? कुणी मारली नव्हती. यंत्र कानात होतं, डोळे ठीक होते, हातही तेच होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोकळ्या पाण्यात समोरून काही येत नसताना त्यांनी इंजिन बंद केलं. घामाने सदरा पाठीला चिकटला होता.

“देहाई,” ते म्हणाले, “तू सांगितलंस ते बरं केलंस. पण आता मला माझंच खरं वाटत नाही. परतताना घरी सोड मला.”

परतीच्या फेरीत आम्ही त्यांना वस्तीपाशी उतरवलं. त्यांनी कोळशाची धूळ झटकली, मला पुढच्या पुलाखाली गाळ वाढल्याचं सांगितलं आणि चढ चढून गेले. त्साइफंग ते दिसेनासे होईपर्यंत उभी होती. नंतर वीटभट्टीचा धक्का दिसू लागला तसं तिने माझ्या हातून सुकाणू घेतलं. त्याला आता सहा वर्षं झाली. तो धक्का आला, की ती चाकाशी येते आणि मी बाजूला होतो.