विटकरी रंगाचे प्लग

दादाच्या कानांवर आमचं गॅरेज चालतं. गिऱ्हाईक म्हणतं, गाडीत आणखी दम हवा. मग दादा इंजिनाच्या अंगाला तांब्याची चपटी नळी बोल्टने आवळतो, तिला लांब रबरी नळी जोडून कानात घालतो आणि गाडी मागच्या चढावर पळवतो. मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसते. तो 'पुढे' म्हणाला की ठिणगीचं टायमिंग पुढे सरकवायचं, 'मागे' म्हणाला की मागे घ्यायचं. टायमिंग पुढे नेलं की ताकद वाढते. पण अती झालं की पेट्रोल शिस्तीत जळायचं सोडून एकदम भडकतं आणि पिस्टनवर हातोडी बसते. त्यालाच नॉकिंग म्हणतात. चमच्यांच्या डब्यात हात घातल्यासारखी बारीक किणकिण येते, आणि ती दादाइतकी लवकर कुणाला ऐकू यायची नाही.

ती माझ्या पडद्यावरही दिसते, उभ्या लाल रेघांमध्ये; किणकिण जितकी जास्त तितकी रेघ उंच. दादा तिकडे ढुंकून बघत नाही. कानामागून आली नि तिखट झाली, असं तो माझ्याबद्दल आणि लॅपटॉपबद्दल मिळून म्हणतो. पडदा खोटं बोलत नाही रे, म्हणून मी इतकी वर्षं त्याच्याशी भांडत आले. पण गेल्या हिवाळ्यात रेघा लालभडक झाल्या तरी तो 'पुढे, पुढे' म्हणत राहिला, तेव्हा मात्र माझी वाचा बसली. टीव्ही सगळ्या गल्लीला ऐकू जातो अशी वहिनीची कुरकुर चालूच होती. कान जायला लागले की बारीक आवाज आधी जातात म्हणे.

मी गुपचूप टायमिंग मागे घेऊ शकले असते. पण गाडीची ताकद जराही कमी झाली की दादाला पाठीत कळतं. त्याची पाठ अजून शाबूत आहे. मग मी दुसरी वाट काढली. ऑक्टेन बूस्टरची बाटली टाकीत ओतली की पेट्रोल जास्त ताण सोसतं आणि किणकिण थांबते. मी गिऱ्हाइकांना बाजूला घेऊन सांगू लागले की दर वेळी टाकी भरताना एक बाटली ओता, आणि दादाला बोलू नका, त्याला बाटल्यांचा राग आहे. बूस्टर चांगली चीज आहे, त्यात लबाडी काही नाही. लबाडी माझी होती, आणि मला तिचा थोडा अभिमानही वाटायचा.

या सगळ्याला आमच्या एका गिऱ्हाइकाने, दाताच्या डॉक्टरांनी, सुरुंग लावला. भला माणूस, दिवसभर लोकांना हळू चावा म्हणतो आणि सुट्टीला गाडी पिसाटासारखी हाकतो. त्यांनी घाटातल्या शर्यतीत नाव घातलं. शर्यतीचा नियम असा की टाकी रिकामी करून द्यायची, पेट्रोल आयोजक भरणार आणि त्यात थेंबभरही दुसरं काही घालायचं नाही. म्हणजे बाटली बंद. दादाने लावलेल्या टायमिंगवर अर्ध्या घाटातच पिस्टनचा चुरा झाला असता, आणि इंजिनाबरोबर माणूसही दरीत जायची भीती होती.

रात्रभर मी वाक्यं जुळवली. सकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले तर दादा आधीच येऊन बसला होता. शर्यतीला जाणाऱ्या गाडीचे प्लग तो स्वतः तपासतो, हे मी साफ विसरले होते. चारही प्लग फडक्यावर मांडलेले होते. चिनी मातीचा पांढरा भाग विटकरी झालेला. बूस्टर असा रंग मागे ठेवतो. डोळे त्याचे गेले नव्हते.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"याच गाडीत?"

"तुझ्या हातून गेलेल्या सगळ्या."

त्याने एक प्लग उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ फिरवत राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या दादाशी मला बोलता येतं. मी म्हणाले की तुला वाईट वाटू नये म्हणून केलं. त्यावर तो म्हणाला, "मला सांगायचंस, धाकटे. ओरडून सांगायचंस. तेवढं ऐकू येतं मला."

चहा तसाच राहिला. टाकीतलं पेट्रोल त्यानेच काढलं आणि साधं भरलं. मग रबरी नळी माझ्या हातात दिली. आता तू ऐक, म्हणाला, वाजलं की माझ्या खांद्यावर थाप मार.

पहिल्याच चढाला किणकिण इतकी स्पष्ट आली की मी दचकले. थाप मारली. 'मागे,' तो म्हणाला. पुन्हा चढ, पुन्हा थाप. दर थापेला त्याचा खांदा जरा खाली जायचा, आणि मला वाटायचं, एखादी चुकवावी. पण एकही चुकवली नाही. शेवटी पहिल्या गिअरपासून वरच्या गिअरपर्यंत इंजिन स्वच्छ गेलं आणि माझा हात मांडीवरच राहिला.

चढ संपल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली.

"वाजलं नाही?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच, दादा. तुझी शपथ."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या हिवाळ्यातही मी अशीच गप्प बसले होते, आणि हे गप्प बसणं त्यापेक्षा वेगळं कसं ते त्याला कळणार कुठून? त्याने खिशातून चष्मा काढला, लॅपटॉप माझ्या मांडीवरून उचलून स्वतःकडे वळवला आणि एकेक रेघ बोट लावून तपासली.

सगळ्या रेघा तळाशी होत्या. "ठीक आहे," तो पडद्याला म्हणाला.